साडूच्या मयतीला बोटीत

आमच्या घरात कुठे जायचं असलं की आधी कुणीतरी मरावं लागे.

मी हे गमतीनं लिहीत नाही. माझे बाबा सालदार होते. गुढीपाडव्याला माणूस एका शेतमालकाकडे सालानं लागतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचाच असतो. पहाटेचं शेण, दिवसाचं वखर-डवरं, रात्री विजेची लाईन आली की मोटर लावून ओलित. त्याला रविवार नसतो. तेल्हाऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथे मालकाच्या गोठ्याला लागून आमची टिनाची खोली होती. मधल्या कुडाखालून बैलांचं मूत आमच्या चुलीपर्यंत ओघळत यायचं. माय सकाळी उठून आधी राखेची पाळ घालायची, मूत अडवायची, मग भाकरी थापायची. त्या भाकरीला धुराचा वास असायचा असं लोक आठवणींत लिहितात. आमच्या भाकरीला कसला वास असायचा ते मी सांगत नाही.

सुटी मागायची तर बाबा मालकाच्या ओट्याखाली जाऊन उभे राहत. मालक वर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत.

"काहून पायजे सुटी?"

इथे कारण सांगावं लागे. लग्न सांगितलं तर अर्धा दिवस. आजार सांगितला तर शिवी. मयत सांगितली तर अख्खा दिवस. मालक विचार करायचे आणि विचार करता करता थुंकायचे. पिंक बाबांच्या पायाशी पडायची. बाबा पाय मागे घेत नसत. मी लहान होते, त्यांचा सदरा धरून शेजारी उभी असायचे. त्यांच्या अंगठ्याच्या नखावर उडालेला तो तांबडा थेंब मला अजून दिसतो. कुणी खर्रा थुंकलं की मी आजही उठून दूर जाते. लोकांना वाटतं मी शिकले म्हणून नाक मुरडते. शिकण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बाबांची एक मावशी आमच्या गरजेप्रमाणे वारत असे. माझ्या भावाला टायफॉईड झाला तेव्हा ती वारली. माझा अकोल्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता तेव्हा ती पुन्हा वारली, कारण मालक नवे होते. म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा कारभार पाहू लागला होता. मग एका उन्हाळ्यात ती खरंच वारली. बाबा ओट्याखाली गेले. छोटे मालक हसले आणि म्हणाले, "लेका, तुही मावशी किती खेपा मरते गा?" सुटी मिळाली नाही. ज्या बाईनं बाबांना आईच्या माघारी वाढवलं तिच्या मातीला बाबा गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मालकाच्या संत्र्याच्या आळ्यांना पाणी दिलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते आणि पुढेही सांगणार आहे. बी.ए. केलं, स्पर्धा परीक्षा दिल्या, आज अमरावतीला सरकारी कचेरीत नोकरी करते. माझ्या रजेच्या अर्जातही कारण लिहावं लागतं. मी "खाजगी काम" एवढे दोन शब्द लिहिते आणि साहेब न वाचता सही करतात. पहिल्यांदा ती सही झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. बाबांचा पाय आठवला.

साल आता सुटलंय. भाऊ भाड्याची गाडी चालवतो, माझा पगार आहे, सिमेंटचं घर झालं. पण बाबा अजून त्याच मालकाच्या संत्र्याच्या बागेत राखणीला आणि ओलिताला जातात. नका जाऊ म्हटलं की म्हणतात, "घरी बसून काय करू?" आणि सुटी मागायची तर अजूनही कुणालातरी मारतात.

म्हणून मी ठरवलं होतं. बाबांनी एक दिवस, कुणालाही न मारता, नुसतं कुठेतरी जावं. दर्शनाला नाही, दवाखान्यात नाही, सोयरीक पाहायला नाही. नुसतं फिरायला. हिवाळा होता. म्हटलं, चिखलदऱ्याच्या बाजूला जाऊ, तलाव आहे, बोटीत बसू.

"बोटीत बसून कुठं जाचं?" बाबांनी विचारलं.

"कुठंच नाही. गोल फिरून परत."

"मंग बसाचं काहून?"

"मालकाले फक्त सांगा, उद्या येत नाही. कारण सांगू नका."

"बरं," बाबा म्हणाले. ते इतक्या लवकर बरं म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सकाळी अंधारातच निघालो. भाऊ गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी आणि माय मागे. मायनं लुगड्यावर माझं जुनं स्वेटर घातलं होतं आणि कानाला मफलर. अंजनगाव गेलं, परतवाडा आलं. तशी माय खिडकीतून बाहेर पाहत हळूच म्हणाली, "काच वर घे रे पोरा. भावजीनं पायलं तर काय म्हनन?"

भावजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, बाबांचे साडू. परतवाड्यात राहतात, चांगले धडधाकट आहेत, रोज चौकात चहा पितात.

"पाहिलं तर पाहिलं. त्यात काय?" मी म्हटलं.

मायनं मफलर कानावर ओढला. बाबा समोरच्या काचेतून फार लक्ष देऊन रस्ता पाहू लागले. भावाला हसू आवरेना.

"ताई, मावसाजी काल गेले," तो म्हणाला.

"कुठं?"

"वर. बाबानं मालकाले सांगतलं. आपन सारे मातीले चाललो."

मला राग आला. एवढी गाडी, एवढं डिझेल, सकाळी उठून केलेल्या पुऱ्या, आणि शेवटी आम्ही पुन्हा एका मयतीलाच निघालो होतो. "बाबा," मी म्हटलं, "जित्या माणसाले मारून तुमाले पुऱ्या गोड लागतीन का?"

"मयत सांगतली की कोनी काई इचारत नाई, बाई," बाबा म्हणाले. पाठमोरेच. "तुले नाई समजाचं."

मला नाही समजायचं! ज्या पोरीनं ते नख पाहिलं तिला नाही समजायचं!

मी बोलणार होते, पण घाट लागला. घाटात आमचं घराणं एकजात ओकतं. मायनं सुरुवात केली. तिच्यासाठी आणलेली प्लास्टिकची पन्नी फुटकी निघाली. तिचं आंबूस पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं. मग त्या वासानं मला झालं. भाऊ काच खाली करून बाहेर थुंकत गाडी चालवत होता, आणि वारा ते सगळं मागच्या काचेवर आणून फासत होता. एका वळणावर थांबून आम्ही तोंडं धुतली. पाणी इतकं थंड की दातांतून कळ गेली. समोर दरीत धुकं भरलं होतं. सुंदर असावं. माझ्या केसांना आंबूस वास येत होता, त्यामुळे मला ते नीट पाहता आलं नाही.

तलावाचं नाव मी सांगत नाही. त्याची काय चूक.

काठावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं, पण गारठा हलत नव्हता. पाण्यावर वाफ होती. आणि वाफेखाली काय होतं? थर्माकोलच्या प्लेटा, खाऊन फेकलेले मक्याचे भुट्टे, खर्ऱ्याच्या पन्न्या. शेकड्यांनी पन्न्या. खर्रा घोटून झाला की आमचे लोक पन्नी जिथे उभे असतील तिथे सोडतात, आणि तलावाशी उभे असतील तर तलावात सोडतात. काठाला घोड्यांची लीद भिजून पसरली होती. तिच्या आणि पाण्याच्या मधे करड्या फेसाचा एक पट्टा हळूहळू श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. त्यात एक मासोळी पोट वर करून पडली होती. तिच्या शेजारी उभं राहून एक जोडपं फोटो काढत होतं. फोटोत फक्त धुकं यावं म्हणून नवरा बायकोला थोडं डावीकडे सरकवत होता.

मी अकोल्याला असताना कॉलेजची सहल इकडे आली होती. मला येता आलं नव्हतं. मैत्रिणींनी परत येऊन सांगितलेला तलाव मी कितीतरी वर्षं मनात ठेवला होता. तो हा.

"पानी चांगलं नाई वाटत," माय म्हणाली.

"प्यायचं नाही आहे आपल्याले, माय."

"तरी पन."

लाईफ जॅकेटांचा ढीग लावलेला होता. सगळी ओली. नारंगी रंग गळ्याशी काळा झालेला, आणि आतून वास असा की ओल्या पोत्यात कांदे सडावेत. आपल्या आधी किती लोकांचा घाम, किती लोकांची लाळ त्या पट्ट्यांना लागली असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मग गेलाच नाही. मायनं जॅकेट नाकाशी नेलं आणि लगेच दूर धरलं.

"अवं, हे तं बाळंतिणीच्या खोलीतलं वाटते."

"घाल. बुडशीन नाहीतर," भाऊ म्हणाला.

"ह्याच्यापेक्षा बुडलेलं बरं."

पायडलच्या बोटी बदकांच्या आकाराच्या होत्या. एकाची चोच तुटली होती आणि त्या जागी सुतळीनं पाण्याची बाटली बांधली होती. आम्ही वल्ह्याची बोट घेतली. बोटवाला मधल्या वयाचा माणूस, कानटोपी घातलेला. त्याला आमच्यात काही रस नव्हता. बाकड्यावर रात्रीचं दव साचलं होतं. बसल्या बसल्या पाठीमागून सगळं ओलं झालं. बाकड्याच्या कडेनं बाहेरच्या बाजूला थुंकीचे तांबडे ओघळ वाळून बसले होते. मी हात आत घेऊन बसले.

बाबा माझ्यासमोर बसले. स्वच्छ धुतलेला पांढरा पायजमा आणि नेहरू शर्ट, त्यावर ते घाणेरडं जॅकेट, डोक्याला टोपी. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. जणू बोटीनं त्यांना काही विचारलं तर उत्तर द्यायला तयार.

काठापासून जरा आत गेलो तसा भावानं खिशातून खर्रा काढला, पन्नी तळहातावर घोटली, तोंडात टाकला. थोड्या वेळानं वाकला आणि पाण्यात पिचकारी मारली.

"अरे लाज!" मी ओरडले. "इथं थुंकतोस?"

"तलाव का तुह्या बापाचा हाय?"

"तुहाही बाप तोच हाय. त्याले विचार, समोर बसला."

बाबा हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. मला बरं वाटलं असतं, पण ती पिंक पाण्यावर धाग्याधाग्यानं पसरत माझ्या बाजूनं येत होती.

काठावरच्या भोंग्यावर गाणं लागलं. नाचायचं गाणं, सकाळी सकाळी. शेजारून बदकांच्या दोन बोटी गेल्या. त्यांत पोरापोरींचा घोळका, मोबाईल वर धरून किंचाळत होता. आणि बरोबर त्याच वेळी, तलावाच्या मध्यावर, बाबांचा फोन वाजला.

त्यांनी जॅकेटखाली हात घालून फोन काढला, पडद्याकडे पाहिलं, आणि उठून उभे राहिले.

बोटीत. उभे.

हे मला आधी सांगायला हवं. मालकाचा फोन आला की बाबा उभे राहतात. जेवत असले तर ताटावरून उठतात. तापात पडले असले तर खाट सोडतात. मालक दिसत नसतो, त्यालाही हे दिसत नसतं, पण बाबांना बसून बोलता येत नाही. घरी आम्हाला सवय झाली होती. बोटीत ते उभे राहतील हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"जी मालक," बाबा म्हणाले.

बोट एका बाजूला कलली. बर्फासारखं पाणी काठावरून आत आलं आणि मायच्या पायांवर सांडलं. पाण्यासोबत एक पन्नी आली आणि तिच्या घोट्याला चिकटली. माय किंचाळली. भावानं बाबांचं जॅकेट मागून धरलं. बोटवाला पहिल्यांदाच जागा झाल्यासारखा ओरडला, "ओ काका! खाली बसा! मराचं हाय का?"

बाबांनी हातानं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. त्यांच्याबरोबर बोट हलत होती.

फोनचा आवाज मोठा होता. बाबांना कमी ऐकू येतं. छोटे मालक काय म्हणतात ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"माती झाली का गा?"

"हो जी. म्हंजे, होऊन राहिली जी."

"मंग निंग लवकर. आज रातची लाईन हाय. मोटर कोन चालू करन?"

"जी मालक."

शेजारच्या बदकातून पोरी पुन्हा किंचाळल्या.

"हा कायचा गोंधळ होऊन राहिला?"

बाबांनी डोळे मिटले. "रडून राहिले जी लोकं."

भावाच्या नाकातून आवाज आला. मला हसू आलं नाही. मला त्या क्षणी सगळ्याची एकदमच किळस आली. घोट्याला चिकटलेल्या पन्नीची, भोंग्याची, त्या आवाजाची, आणि खरं सांगायचं तर बाबांचीही. तलावाच्या मध्यावर उभं राहून, अंगाखाली बोट उलटत असताना, जी जी करणाऱ्या माझ्या बापाची. त्यांची किळस येते म्हणून मला माझी आली. मी ओरडून म्हटलं, "बाबा, खाली बसा!"

"गानं वाजून राहिलं तिथं," फोन म्हणाला. "मयतीत गानं? खोटं बोलतं का बे बुढ्या?"

बोटवाल्यानं वल्हं वर काढून मांडीवर आडवं ठेवलं. "उभ्या मानसाले घेऊन मी बोट हालवत नाई," तो म्हणाला. "तुमी उभे ऱ्हा. आपन सारे इथंच ऱ्हाऊ." आणि त्यानं कानटोपी खाली ओढली.

बोट थांबली. पुन्हा कलली. पुन्हा पाणी. मायनं ओले पाय बाकड्यावर घेतले. ती मघाशी ओकून पांढरी पडली होती, आता ओठ निळे झाले होते. तिनं बाबांच्या पायजम्याचा घोळ मुठीत धरला आणि आवाज न चढवता म्हणाली, "अजी, बसा. तो नाई पाहून राहिला तुमाले. आमी पाहून राहिलो."

बाबांनी खाली पाहिलं. मायकडे, तिच्या पायांकडे. मग ते बसले. घाईनं नाही, बसायला जागा आहे की नाही ते हातानं चाचपून, म्हाताऱ्या माणसासारखे. फोन कानालाच होता.

"बोलत काहून नाई? कुठं हायस तू?"

बाबांना बसल्या जागी काय बोलावं ते सुचत नसावं. मी पाहत होते. मालकाशी बोलताना त्यांचं तोंड माझ्या उंचीवर मी कधी पाहिलं नव्हतं.

"बोटीत हाओ मालक," ते म्हणाले.

"काय?"

"बोटीत. तलावावर. कोनी नाई मेलं. साडू चांगला हाय."

मग: "काहून गेला तिकडं?"

"काहून म्हंजे..." बाबा थांबले. त्यांनी आमच्या तिघांकडे पाहिलं, जणू आमच्यापैकी कुणाच्या तोंडावर कारण लिहिलेलं असेल. मी नाही अशी मान हलवली. "काहून नाई. फिराले आलो. पोरगी घेऊन आली."

मग फोनमधून जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यात बाबांची आई होती, माझं शिक्षण होतं, आणि बागेतली करपलेली संत्री होती, जी करपली नव्हती. बाबा ऐकत राहिले. एकदा त्यांचे गुडघे उठल्यासारखे झाले. मायची मूठ पायजम्यावर तशीच होती. ते उठले नाहीत.

"मोटर आज तुमी पाहा मालक," शेवटी बाबा म्हणाले. "मी उद्या येतो." आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे बटण सापडेना म्हणून भावाकडे दिला, आणि भावानं तो बंद केला.

बोटवाल्यानं वल्हं पाण्यात टाकलं.

"आता भावजीले काय सांगाचं?" माय म्हणाली. "साऱ्या गावाले मालूम हाय, ते गेले म्हनून."

"चहा पाजू त्याले," बाबा म्हणाले. "जाता जाता."

परत काठाला आलो तेव्हा तीच मासोळी, तोच फेस, तीच लीद. घोडेवाल्यानं मायला घोड्यावर बसता का विचारलं आणि मायनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसरीकडे गेला. जॅकेट काढून फेकल्यावरही वास अंगाला राहिला होता. पुऱ्या आम्ही गाडीत, काचा लावून खाल्ल्या. बाहेर बसावं अशी एक जागा तिथे नव्हती. दोन दिवस मी केस धूत होते. कुणी मला त्या तलावाविषयी विचारलं तर मी सांगते, जाऊ नका, घाण आहे. ती खरी घाण आहे आणि ती आपण केलेली आहे. माझ्या भावानं केलेली आहे.

परतवाड्यात मावसाजी चौकातच भेटले. बाबांनी त्यांना चहा पाजला. दुसरा पण पाजला. काहून ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. मालक बोलले, बाबांनी ऐकून घेतलं आणि मोटर चालू करायला गेले. कामावरून कुणी काढलं नाही. बाबांइतकी ती बाग कळणारा माणूस मालकाला मिळणार नव्हता, आणि ते मालकाला ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात माझी अमरावतीला बदली झाली, सामान लावायला बाबांना यायचं होतं. त्यांनी मालकाला सांगितलं, उद्या येत नाही. मालकानं विचारलं, काहून. बाबा म्हणाले, काम हाय घरचं. मालकानं बरं म्हटलं.

माझे बाबा आता सुटी घेतात तेव्हा कुणाला मारत नाहीत.